पॅनेल छतावर, तरी मध्यरात्री अंधार: छोट्या सोलर बॅकअपमधल्या चुका टाळा

सोलर इन्व्हर्टर घ्यायला गेलं की दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "यावर फ्रिज चालेल का?" उत्तरही ठरलेलं, "चालेल की!" किती वेळ चालेल, हे कोणी विचारत नाही. सगळी गफलत तिथेच होते.

इन्व्हर्टरवरचा ८५० व्हीए हा आकडा एका वेळी किती लोड झेपेल एवढंच सांगतो. किती तास, ते बॅटरी ठरवते. १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर, म्हणजे घरोघरी दिसणारी लेड-ॲसिड बॅटरी, कागदावर १८०० वॉट-तास (१२ गुणिले १५०). पण लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते, म्हणून वापरायचे ९००. त्यातले १५-२० टक्के इन्व्हर्टरच खातो. हाती उरतात साडेसातशेच्या आसपास. ७५ वॉटचे दोन जुने पंखे, ९ वॉटचे तीन बल्ब आणि राउटर चालवलात तर चार तासांत खेळ खलास. तेच पंखे ३० वॉटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) असतील, तर सात तासांच्या वर निघतात. दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला.

गीझर, इस्त्री, एसी यांचं नावच काढू नका. पाण्याची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते आणि इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून बसतो. टाकी लाइट असतानाच भरून घ्यावी.

आता भरपाईचं. १०० वॉटचं पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण ४०० वॉट-तास देतं. रात्री ९०० काढले, तर चार्जिंगमधली गळती धरून निव्वळ उन्हावर बॅटरी भरायला तीन दिवस हवेत. कोकणातल्या जुलैचा तर हिशोबच नको. अशी अर्धवट भरलेली बॅटरी दिवसेंदिवस राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं.

मोठं पॅनेल लावूनही चार्जिंग रडतंय? पॅनेल आणि बॅटरीच्या मधला चार्ज कंट्रोलर बघा. ३३० वॉटचं पॅनेल साधारण ३७ व्होल्टवर काम करतं. स्वस्तातला पीडब्ल्यूएम कंट्रोलर त्याला बॅटरीच्या १३ व्होल्टवर खेचतो, करंट मात्र ९ अँपिअरच राहतो. म्हणजे मिळतात जेमतेम १२० वॉट! इथे एमपीपीटी कंट्रोलरच लागतो, तो जादा व्होल्टचं रूपांतर जास्त करंटमध्ये करतो. तो असूनही कमी पडत असेल, तर दुपारी गच्चीवर जाऊन टाकीची किंवा नारळाची सावली पडते का ते पाहा. सेल एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यातली सावलीसुद्धा पॅनेलचा मोठा भाग बंद पाडते.

शेवटची गैरसमजूत पीएम सूर्यघर योजनेपासून फार वाढली आहे. अनुदानातून बसवलेली साधी ऑन-ग्रिड (बॅटरीशिवाय थेट वीज कंपनीच्या लाइनला जोडलेली) यंत्रणा म्हणजे बॅकअप नव्हे. लाइट गेली की तिचा इन्व्हर्टर भर उन्हातही मुद्दाम बंद पडतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या छतावरून शॉक बसेल. तक्रार करून उपयोग नाही. बॅकअप हवा असेल, तर हायब्रिड (लाइनला आणि बॅटरीला दोन्हीकडे जोडला जाणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरीचा खर्च पहिल्याच कोटेशनमध्ये वेगळा लिहून मागा.