ब्रिटनमध्ये जुनी गाडी घेताना: नंबरप्लेटवरून वय कसे ओळखावे

पुण्यात किंवा नागपुरात वाढलेल्या माणसाला नंबरप्लेट पाहताच गाडीचे पासिंग कुठले ते कळते: एमएच १२ म्हणजे पुणे, एमएच ३१ म्हणजे नागपूर. गाडी कोणत्या सालची आहे हे मात्र त्या पाटीवर लिहिलेले नसते. पुढच्या अक्षरांचा क्रम ज्याच्या लक्षात असतो त्याने अंदाज बांधायचा. ब्रिटनमध्ये गाडीचे वय पाटीवरच दिलेले असते आणि इथले लोक गाडीबद्दल बोलतानाही ‘सेव्हन्टीन प्लेट’, ‘सिक्स्टी-फाइव्ह प्लेट’ असेच बोलतात. इथे आल्यावर पहिली गाडी बहुतेक जण सेकंड हँडच घेतात, म्हणून ही भाषा पहिल्या महिन्यातच शिकून घ्यावी, असे मी नव्याने आलेल्या प्रत्येकाला सांगतो.

सध्याची पद्धत १ सप्टेंबर २००१ पासून चालू आहे. आधी दोन अक्षरे, मग दोन आकडे आणि शेवटी तीन अक्षरे अशी तिची रचना असते. पहिली दोन अक्षरे गाडीची प्रथम नोंदणी कोणत्या भागात झाली ते सांगतात, म्हणजे एल असेल तर लंडन, बी असेल तर बर्मिंगहॅम. मालक दुसऱ्या शहरात राहायला गेला तरी ती बदलत नाहीत. वय कळते ते मधल्या दोन आकड्यांवरून. मार्च ते ऑगस्ट या काळात नोंदवलेल्या गाडीवर सालाचे शेवटचे दोन आकडे असतात, तर सप्टेंबरपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत नोंदवलेल्या गाडीवर त्यात ५० मिळवून येणारी संख्या असते. म्हणून २४ म्हणजे मार्च २०२४ पासूनचे सहा महिने आणि ७४ म्हणजे सप्टेंबर २०२४ पासूनचे सहा महिने. नवखा माणूस चुकतो तो इथेच: ७४ मधून ५० वजा करून तो २०२४ म्हणतो आणि थांबतो, पण तीच गाडी जानेवारी किंवा फेब्रुवारी २०२५ मध्ये नोंदवलेली असू शकते.

त्याआधीच्या गाड्यांवर वर्षासाठी एकच अक्षर असे. १९६३ ते १९८३ या काळात ते शेवटी येई आणि ऑगस्ट १९८३ पासून सुरुवातीला आले. नवे अक्षर ऑगस्टमध्ये लागत असल्यामुळे नवीन गाड्यांच्या खरेदीची सगळी झुंबड त्या एकाच महिन्यात उडत असे, म्हणून १९९९ पासून हा बदल वर्षातून दोनदा होऊ लागला. आज इतकी जुनी गाडी तुम्ही बहुधा घेणार नाही.

आकडे वाचता आले म्हणजे काम झाले असे मात्र समजू नये, कारण पैशाचा हिशेब बऱ्याचदा नेमक्या तारखेवर ठरतो. १७ प्लेटचेच उदाहरण घ्या. १ एप्रिल २०१७ रोजी वाहनकराचे नियम बदलले, आणि १७ प्लेट मार्चपासून चालू झालेली होती. एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या, कमी धूर सोडणाऱ्या दोन लहान गाड्या एका ठिकाणी शेजारी शेजारी उभ्या असलेल्या मी पाहिल्या आहेत. एकीची नोंदणी मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली आणि दुसरीची एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली होती. पहिलीला जुन्या नियमाप्रमाणे वर्षाचा कर अगदी किरकोळ आणि दुसरीला आज जवळपास दोनशे पौंड लागतो. पाटीवर दोन्हीकडे १७च होते.

डिझेल गाडी घेणाऱ्यांनी ६५ हा आकडा लक्षात ठेवावा. लंडनच्या यूलेझ क्षेत्रात, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना दिवसाचे शुल्क लागते त्या भागात, डिझेल गाडी साधारणपणे सप्टेंबर २०१५ नंतरची असेल तरच विनाशुल्क चालते, आणि ६५ प्लेट त्याच महिन्यात सुरू झाली. आम्ही स्लाउला, म्हणजे लंडनच्या हद्दीबाहेर राहतो. पण २९ ऑगस्ट २०२३ पासून हे क्षेत्र सगळ्या लंडनभर लागू असल्यामुळे आईवडिलांना हीथ्रोवरून घरी आणायचे म्हटले तरी जुन्या डिझेल गाडीला त्या दिवसाचे साडेबारा पौंड पडतात. आकड्यावर विसंबू नका, गाडीचा नंबर टाकून सरकारी संकेतस्थळावर खात्री करा.

काही पाट्या वय सांगतच नाहीत. इथे लोक हौसेने खासगी नंबर विकत घेऊन लावतात. गाडी आहे त्यापेक्षा नवी दिसेल असा नंबर लावायला कायद्याने बंदी आहे, परंतु जुना किंवा सालाचा उल्लेख नसलेला नंबर चालतो. उत्तर आयर्लंडच्या नंबरांत आय किंवा झेड हे अक्षर असते आणि साल नसते, त्यामुळे तेही या कामी येतात. क्यू अक्षराने सुरू होणारी पाटी दिसली तर त्या गाडीचे वय किंवा मूळ निश्चित करता आलेले नाही असे समजावे. अशी गाडी पहिली गाडी म्हणून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशा वेळी खरी तारीख मिळते ती लॉगबुकात, म्हणजे व्ही५सी या कागदावर. आपल्याकडच्या आरसी बुकाच्या जागी इथे तो असतो. परदेशातून आणलेल्या गाडीची मूळ पहिली नोंदणी आणि ब्रिटनमधली पहिली नोंदणी त्यावर वेगवेगळी दिलेली असते. एमओटीचा, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित आहे का हे पाहणाऱ्या तपासणीचा, इतिहासही नंबर टाकून फुकट पाहता येतो. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये ती तपासणी गाडीला तीन वर्षे झाल्यावर सुरू होते, आणि दर वर्षी मीटरवर किती मैल होते तेही त्यात कळते. माझ्या पहिल्या खरेदीच्या वेळी विकणाऱ्याने लॉगबुक टपालात असल्याचे सांगितले आणि मी बयाणा देऊन बसलो. कागद आल्यावर गाडी मी समजत होतो त्यापेक्षा दोन वर्षांनी जुनी निघाली. लॉगबुक हातात घेऊन त्यावरची तारीख स्वतः वाचल्याशिवाय एक पौंडही देऊ नका.