१५०० तास भरूनही अर्ज अडतो : या चुका टाळा

अमेरिकेत प्रवासी विमान कंपनीत सह-वैमानिक म्हणून रुजू व्हायला १५०० उड्डाणतास लागतात, एवढेच अनेकांनी पक्के धरलेले असते आणि पुष्कळांचे गाडे तिथेच अडते. एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट परवान्यासाठी या एकूण तासांत ५०० तास क्रॉस-कंट्री (दूरच्या पल्ल्याच्या उड्डाणाचे), १०० तास रात्रीचे, ७५ तास इन्स्ट्रुमेंट उड्डाणाचे (बाहेर न पाहता उपकरणांवर विसंबून केलेल्या) आणि २५० तास पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी असलेला प्रमुख वैमानिक) म्हणून केलेले असावे लागतात, शिवाय बहुइंजिन विमानावरचे ५० तास वेगळे दाखवावे लागतात. एकइंजिन विमानावर विद्यार्थ्यांना शिकवून तास जमवलेल्या प्रशिक्षकाला नेमके हेच ५० तास शेवटी महागात पडतात, म्हणून लॉगबुकातील (उड्डाणांच्या नोंदवहीतील) प्रत्येक रकान्याची बेरीज दर महिन्याला करावी.

सर्वांत जास्त गोंधळ क्रॉस-कंट्रीचा होतो. खासगी परवान्यासाठी ५० सागरी मैलांहून दूरच्या ठिकाणी उतरणे आवश्यक असते. एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट परवान्यासाठी मात्र निघाल्या ठिकाणापासून सरळ रेषेत तेवढे अंतर ओलांडले तरी पुरते, तिथे उतरावेच लागते असे नाही. हा फरक माहीत नसल्यामुळे हक्काचे तास नोंदवायचे राहतात, तेव्हा जुन्या नोंदी पुन्हा तपासाव्यात.

याच्या उलट चूक सेफ्टी पायलट म्हणून, म्हणजे सराव करणाऱ्या वैमानिकाशेजारी बसून बाहेर लक्ष ठेवणारा म्हणून, केलेल्या उड्डाणांत होते. उडवणाऱ्याने बाहेरचे न दिसण्यासाठी हूड लावलेला असेल तेवढाच वेळ सेफ्टी पायलटला नोंदवता येतो, उड्डाण आणि उतरण्याचा वेळ नाही. अशी एक फुगवलेली नोंद सापडली की सगळ्या लॉगबुकावरचा विश्वास उडतो, आणि मला ते रास्तच वाटते. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ ५० जणांचा बळी घेणाऱ्या ज्या विमान अपघातानंतर १५०० तासांचा नियम आला, त्यातील दोन्ही वैमानिकांचे तास १५०० पेक्षा जास्तच होते. त्यामुळे आकड्यापेक्षा ते तास कसे मिळवले याची चौकशी होणारच.

काहींना १५०० पेक्षा कमी तासांतही परवाना मिळतो; या सवलतीच्या मर्यादा सैनिकी वैमानिकांना ७५०, विमानचालनाच्या पदवीधरांना १००० आणि दोन वर्षांच्या पदवीला १२५० तास अशा आहेत. नुसत्या पदवीवर १००० तासांची सवलत मिळत नाही; विमानचालनाशी संबंधित विषयांचे ६० क्रेडिट (अभ्यासक्रमाचे श्रेयांक) आणि मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र लागते. सवलतीचा परवाना २१ व्या वर्षी मिळतो, पूर्ण परवान्याला २३ वर्षे लागतात.

लेखी परीक्षेआधी ३० तासांचे वर्ग आणि १० तासांचे सिम्युलेटर प्रशिक्षणही सक्तीचे आहे, हे विसरून परीक्षेची तारीख आधीच ठरवू नये.