बीचची गुटी: बोन्सायसाठी हवेतले कलम कसे बांधावे

बीच या थंड प्रदेशांतल्या पानगळी वृक्षाच्या फांदीची छाट कलमे मातीत खोचून मुळे धरत नाहीत. निदान भरवसा ठेवावा इतकी तरी धरत नाहीत. बियांपासून वाढवलेल्या रोपाला बोन्सायजोगे खोड येण्यात पंधरा-वीस वर्षे जातात. म्हणून वाढलेल्या झाडावर एखादी मनाजोगी फांदी किंवा शेंडा दिसला, तर गुटी बांधण्याचा, म्हणजे फांदी झाडावरच ठेवून तिची साल गोल काढून तिथे मुळे फोडण्याचा मार्ग उरतो. गुटीचा आणखी एक फायदा म्हणजे मुळे एकाच पातळीवर चहूबाजूंनी फुटतात, आणि बोन्सायमध्ये खोडाच्या पायथ्याशी तसाच मुळांचा पसारा हवा असतो. युरोपीय आणि जपानी अशा दोन्ही बीचना ही रीत लागू पडते. फक्त अंजीर किंवा डाळिंबाच्या गुटीवर हात बसलेल्या माणसाने तोच हिशेब इथे लावू नये. ती झाडे काही आठवड्यांत मुळे दाखवतात, तर बीच एक पूर्ण हंगाम घेतो, कधी दोन.

फांदी निरोगी आणि अंगठ्याएवढी किंवा त्याहून थोडी जाड निवडावी.

वेळ पंचांगावरून ठरवू नये, पानावरून ठरवावी. बीचचे कोवळे पान फिकट पोपटी आणि मऊ असते व त्याच्या कडेला रेशमी लव असते. ती लव झडून पान गडद झाले आणि बोटांत धरल्यावर कागदासारखे वाजू लागले, की दिवस आले असे समजावे. थंड समशीतोष्ण प्रदेशांत ही अवस्था साधारणपणे वसंताच्या अखेरीस किंवा उन्हाळ्याच्या आरंभी येते. बीचची बहुतेक वाढ वर्षातून एकदाच होते. पाने पक्की होण्याआधी साल काढली, तर मुळांसाठी लागणारा अन्नरस पाने अजून पुरवूच शकत नसतात; फार उशीर केला, तर पानगळीपूर्वी मुळांना पुरेसे दिवस मिळत नाहीत.

साल काढणे हा या कामातला अवघड टप्पा आहे आणि माझ्या पहिल्या तीन गुट्या इथेच फसल्या. पहिल्या गुटीची पाने सबंध उन्हाळाभर हिरवीगार राहिली, त्यामुळे मी निश्चिंत होतो. शरद ऋतूत गुटीवरचे प्लास्टिक सोडले, तेव्हा आत बांधलेल्या ओल्या शेवाळात एकही मूळ नव्हते. साल काढलेल्या गोल पट्ट्याच्या, म्हणजे कड्याच्या, मागच्या बाजूस मात्र वरच्या सालीपासून खालच्या सालीपर्यंत आगपेटीच्या काडीएवढा हिरवट सालीचा पूल तयार झालेला होता. त्या एवढ्याशा पट्टीतून पानांनी बनवलेला सगळा अन्नरस खाली झाडाकडे निघून गेला होता. फांदीला मुळे फोडण्याची गरजच पडली नाही.

यामागचे कारण समजून घेतले, तर निम्म्या चुका आपोआप टळतात. पाणी लाकडातून वर चढते आणि पानांतला अन्नरस सालीतून खाली उतरतो. सालीचे पूर्ण कडे काढले, की पाणी चढत राहते म्हणून पाने टवटवीत दिसतात, पण अन्नरस आणि त्याच्यासोबत उतरणारी संजीवके, म्हणजे वाढ घडवणारी द्रव्ये, वरच्या काठाशी तुंबतात. त्याच काठावर आधी कॅलसची, म्हणजे जखम भरणाऱ्या पेशींची, गाठ आणि मग मुळे येतात. पानांच्या टवटवीतपणावरून गुटी धरल्याचा निष्कर्ष काढणाऱ्यांनी म्हणूनच जरा थांबावे, कारण मुळे असोत वा नसोत, पाने तशीच दिसतात.

बीचची साल पातळ आणि गुळगुळीत असते व या दिवसांत ती सहज सुटते. वर आणि खाली धारदार चाकूने गोल चीर द्यावी, दोन्ही चिरांना जोडणारी एक उभी चीर द्यावी, आणि साल एका अखंड पट्टीत निघून येते. खाली पांढरेशुभ्र, ओलसर, चकाकणारे लाकूड दिसते आणि काम झाले असे वाटते. खरा फसवा क्षण हाच आहे. ती चकाकी म्हणजे लाकडावर उरलेला कॅम्बियमचा, म्हणजे साल आणि लाकूड यांमधल्या वाढत्या थराचा, बुळबुळीत पापुद्रा असतो आणि त्यातूनच काही आठवड्यांत नवी साल तयार होते. चाकूचे पाते लाकडाला काटकोनात धरून ते सबंध कडे खरवडावे. पाते घसरत असेल, तर पापुद्रा अजून शिल्लक आहे; ते अडखळू लागले, करकरले आणि बोट फिरवल्यावर पृष्ठभाग निसरडा न लागता खरखरीत लागला, की तो भाग स्वच्छ झाला. कोरड्या फडक्याने पुसावे आणि पुन्हा एकदा खरवडावे. भिंतीकडची किंवा दाट फांद्यांकडची बाजू, जिथे हात नीट पोचत नाही, तिथेच पूल बांधला जातो. तिथे हाताच्या अंदाजावर विसंबू नये, लहान आरसा धरून पाहावे.

‘फार खरवडू नका, फांदी मरेल’ हा सल्ला वारंवार दिला जातो आणि बीचच्या बाबतीत तो निखालस चुकीचा आहे. ओकसारख्या झाडांत पाण्याची मुख्य वाहतूक लाकडाच्या अगदी बाहेरच्या वलयातून होते, त्यामुळे तिथे जपून हात चालवणे समजण्यासारखे आहे. बीचच्या लाकडात नलिका सर्वत्र विखुरलेल्या असतात आणि आतली अनेक वलये पाणी वाहतात. वरचा पातळ थर गेल्याने फांदी सुकत नाही. अर्थात लाकडात खाच पाडून फांदी कमकुवत करू नये, एवढे तारतम्य हवे.

कड्याची रुंदी फांदीच्या जाडीच्या दीडपट ते दुप्पट ठेवावी. म्हणजे 2 सेंटीमीटर जाडीच्या फांदीला 3 ते 4 सेंटीमीटर. बोटभर पट्टी पुरते असे सांगणाऱ्यांनी बीचची जखम भरून येताना पाहिलेली नसावी. साल न काढता नुसती तार आवळण्याची रीतही काही जण सुचवतात. बीचवर मी ती एकदा करून पाहिली आणि पुन्हा करणार नाही. वरची चीर सर्वांत महत्त्वाची, कारण मुळे तिथून फुटतात. ती एका झटक्यात, स्वच्छ द्यावी, आणि पुढे कुंडीत झाड ज्या कोनात उभे राहणार आहे, त्या कोनातल्या मातीच्या पातळीला समांतर द्यावी. तिरक्या बोन्सायसाठी सरळ चीर दिली, तर अर्धी मुळे हवेत राहतात.

मुळे फोडणाऱ्या संजीवकाची भुकटी फक्त वरच्या काठाला लावावी. खालच्या काठाला लावण्यात काही अर्थ नाही.

स्फॅग्नम शेवाळ भिजवून घट्ट पिळावे आणि मूठभर गोळा असा बसवावा, की त्याचा मध्य कड्यावर न येता वरच्या काठावर येईल. वर पारदर्शक प्लास्टिक गुंडाळून दोन्ही टोके बांधावीत, खालचे घट्ट आणि वरचे पाणी देता येईल इतपत सैल. त्यावर काळे प्लास्टिक चढवावे. गोळा दाबून हलका लागला, की सिरिंजने पाणी द्यावे.

त्यानंतर काळे आवरण अधूनमधून उचलून पाहण्यास हरकत नाही, पण आतले प्लास्टिक सोडू नये. पांढरी मुळे दिसली म्हणून लगेच करवत उचलू नये. ती तपकिरी होऊन त्यांना फाटे फुटेपर्यंत थांबावे. शरदापर्यंत नुसती कॅलसची गाठ दिसत असेल, तर गुटी फसलेली नाही. तिला थंडीपासून जपण्यासाठी बाहेरून गोणपाट गुंडाळावे आणि पुढचा हंगाम द्यावा. पूल मात्र दिसला, तर तो कापून, खरवडून पुन्हा बांधावा.

मुळे भरपूर असतील, तर कडाक्याच्या थंडीच्या किमान सहा आठवडे आधी, नाहीतर पुढच्या वसंतात कळ्या फुगण्यापूर्वी, गुटी उतरवावी. मुळांच्या खाली करवतीने कापावे. शेवाळ सोडवण्याच्या फंदात पडू नये, कारण ही मुळे अतिशय ठिसूळ असतात आणि बोटाच्या धक्क्यानेही तुटतात. गोळा आहे तसाच पाण्याचा निचरा होणाऱ्या भरड मिश्रणात, खोलगट कुंडीत लावावा आणि झाड तारेने कुंडीला पक्के बांधावे. वाऱ्याने खोड हलले, तर नवी मुळे रोज तुटत राहतात. मिश्रणात मूळ झाडाखालची मूठभर माती मी नेहमी घालतो, कारण बीचच्या मुळांचे जमिनीतल्या बुरशीशी सख्य असते. पहिला उन्हाळा सावलीत काढू द्यावा, नवी वाढ सुरू होईपर्यंत खत देऊ नये आणि त्या वर्षी शेंडे खुडू नयेत. खालचा खुंट आणि उरलेले शेवाळ दोन वर्षांनी कुंडी बदलताना काढावे. तेव्हा खुंट मुळांच्या अगदी खाली सपाट कापता येतो आणि खाली वळलेली मुळे छाटून आडवी मुळे पसरवता येतात.