नीलकुरिंजी आणि निलगिरी तीरचिमणी: तुलनेचा तक्ता कसा मांडावा

वनस्पती आणि पक्षी यांच्या वर्गीकरणाचा तक्ता करताना जोडी एकाच अधिवासातली घ्या, नाहीतर तक्ता नुसती नावांची यादी होतो. ही दोघं दक्षिण पश्चिम घाटातल्या उंच गवताळ उतारांवरची. चहाचे मळे आणि निलगिरी-वॅटल (ऑस्ट्रेलियन बाभूळ) या झाडांची लागवड यांनी दोघांचीही जागा खाल्ली.

रकाने तीन: पायरी, वनस्पती, पक्षी. सृष्टी या सर्वांत वरच्या पायरीपासूनच वाटा वेगळ्या होतात, म्हणून समान पायऱ्या शोधत बसू नका. नीलकुरिंजीचा गण लॅमिएलीस, कुल अकँथेसी (अडुळशाचं), प्रजाती (जीनस; जातीच्या वरची पायरी) स्ट्रोबिलँथिस. आपली कारवीही याच प्रजातीतली. तीरचिमणीचा संघ कॉर्डाटा, वर्ग एव्हीज, गण पॅसेरिफॉर्मीस, कुल मोटॅसिलिडी (धोबी पक्ष्यांचं), प्रजाती अँथस. कुलनाम ‘एसी’ने संपलं तर वनस्पती, ‘इडी’ने संपलं तर प्राणी, रकाने उलटे पडले की इथे लगेच दिसतं.

नामकर्त्याच्या (जातीला शास्त्रीय नाव देणाऱ्याच्या) ओळीत बरेच जण घसरतात. ‘अँथस निलघिरिएन्सिस शार्प, 1885’ यात कंस नाही, कारण प्रजाती मूळचीच आहे. कुरिंजीला वनस्पतिशास्त्रज्ञ नीस यांनी आधी फ्लेबोफायलम प्रजातीत ठेवलं होतं, म्हणून त्यांचं नाव कंसात आणि जाती हलवणाऱ्याचं कंसाबाहेर. प्राण्यांत हलवणाऱ्याचं नाव लिहीत नाहीत. वनस्पतीची पद्धत पक्ष्याला लावू नका.

आता संवर्धन-स्थिती. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत दोघंही ‘असुरक्षित’ (व्हीयू). तेवढंच लिहून थांबलात तर तुलना झालीच नाही. शेजारी निकषाचा संकेत आणि मूल्यांकनाचं वर्षही लिहा. कुरिंजीचं वर्ष 2024, निकष ए2सी: अधिवासाच्या ऱ्हासावरून काढलेली किमान 30 टक्के घट. ही घट 10 वर्षं किंवा तीन पिढ्या, यांपैकी जो काळ मोठा त्यात मोजतात. कुरिंजी 12 वर्षांनी एकदाच फुलते आणि मरते. म्हणजे तीन पिढ्यांना 36 वर्षं. पक्ष्याची पिढी कितीतरी आखूड, त्यामुळे ‘घट’ हा शब्द दोन्ही रकान्यांत एकाच कालावधीचा नसतो. मुन्नारला 2006 आणि 2018 मध्ये बहर आला. मधल्या वर्षांत फुलं नाहीत म्हणून ‘झाड नाहीसं झालं’ अशी नोंद करू नका.

शेवटची ओळ कायद्याची. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 2022 च्या दुरुस्तीने बदलल्या आणि 1 एप्रिल 2023 पासून लागू झाल्या: प्राणी पहिल्या दोनमध्ये, वनस्पती तिसरीत (नीलकुरिंजी तिथेच), चौथी सायटीसची (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराची). जुन्या पुस्तकात पक्ष्यापुढे ‘अनुसूची चार’ दिसलं तर ते जसंच्या तसं उतरवू नका.