शिकवता न येणाऱ्या उस्तादाकडून साऊंड कसा शिकावा

कुडाळ-सावंतवाडीच्या पट्ट्यात एखाद्या साऊंडवाल्याच्या हाताखाली राहिलेल्या मुलाची पहिली तक्रार ठरलेली असते: दादा काही सांगतच नाहीत. मीही ती केली आहे. तुळशीच्या लग्नानंतर जत्रांचा हंगाम सुरू झाला, तेव्हापासून वैशाखापर्यंत मी वायरी गुंडाळल्या, स्पीकर उचलले आणि टेम्पोच्या हौद्यात झोपलो; सगळ्या माइकांचे आवाज एकत्र करून त्यांची पातळी ठरवणाऱ्या यंत्राला, म्हणजे मिक्सरला, बोट लावण्याची परवानगी मिळाली तेव्हा पावसाळा तोंडावर आला होता. त्यातला बराचसा वैताग मला टाळता आला असता, असे आता वाटते.

राहण्यापूर्वीच तीन गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात: रात्रीचे किती मिळणार, वस्तू मोडली तर भरपाई कोणाची, आणि मिक्सरवर केव्हा बसता येईल. तिसऱ्याचे उत्तर बहुधा ‘बघू’ असे येते. अशा वेळी तारीख मागण्यापेक्षा काम मागावे, उदाहरणार्थ दुपारी देवळातल्या सूचनांचा एक माइक. एक माइक द्यायला कोणी सहसा नकार देत नाही.

वायरींचे काम कमीपणाचे नाही, मात्र ते डोळे उघडे ठेवून करावे. एक वेढा सरळ आणि पुढचा उलटा घेतला की वायरीला पीळ पडत नाही, हे हाताला आठवडाभरात कळते. एक्सएलआरच्या, म्हणजे माइकच्या तीन पिनांच्या जोडाच्या, पहिल्या पिनला जाळीची तार, दुसरीला सरळ सिग्नल आणि तिसरीला उलटा, हे ध्यानात ठेवून चार वायरी स्वतः डाग देऊन जोडल्या, तर ऐन कार्यक्रमात वाया जाणारे तास वाचतात. किनाऱ्यावरची खारी हवा पिनांना हिरवट बुरा चढवते, त्यामुळे खरखर आली की माइकला दोष देण्याआधी जोड काढून पुसावा. घुमणाऱ्या आवाजाचेही तसेच आहे. मिक्सर देवळाच्या लाइनवर आणि अँप्लिफायर जनरेटरवर असला, तर दोन अर्थिंगांमधल्या फरकामुळे ५० हर्ट्झचा गुंजारव येऊ शकतो. दोन्ही एकाच पुरवठ्यावर घेतले की तो बहुधा थांबतो. काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. उस्तादाने सांगितले तरी ते करू नये, कारण ओल्या अंगणात शॉक लागून माणूस दगावू शकतो.

आता खऱ्या दुखण्याकडे येतो. डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या आमनेसामने रंगणाऱ्या, भजनात मी पहिल्यांदा मिक्सरवर बसलो, बुवांनी आलाप घेतला आणि मॉनिटरने, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरने, शिट्टी मारली: त्याचाच आवाज माइकमध्ये परत शिरून घुमू लागला. मी ईक्यूची, म्हणजे जाड-बारीक आवाज कमी-जास्त करणारी, बटणे फिरवू लागलो. तेवढ्यात मागून दादांचा हात आला, दोन ठिकाणी काहीतरी झाले आणि शिट्टी गेली. ‘काय केलंत?’ असे विचारल्यावर उत्तर मिळाले, ‘कान दे.’ असे उत्तर देणारा माणूस काही लपवत असतो असे नाही. वीस वर्षांत ती क्रिया त्याच्या हातात इतकी मुरलेली असते की ती शब्दांत कशी मांडावी, हे त्यालाच ठाऊक नसते. म्हणून ‘का’ हा प्रश्न त्याला विचारू नये. ‘कुठले’ हा विचारावा, आणि तोही कार्यक्रमानंतर, चहा पिताना.

पुढच्या बारीपासून मी एक युक्ती केली: शिट्टी आली की मिक्सरचा फोटो, दादांचा हात जाऊन आला की दुसरा फोटो. सकाळी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले, तर ईक्यू जसाच्या तसा होता. त्यांनी कोरसचे दोन माइक खाली घेतले होते, कारण आलापात कोरस गातच नाही. त्यामागचे गणित नंतर कळले: सारख्याच पातळीवरच्या उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी येण्याआधी आवाज वाढवायला उरणारी जागा सुमारे ३ डेसिबलने कमी होते. बुवा, पेटी, पखवाजाच्या दोन्ही बाजू, तबला, झांज आणि दोन कोरस असे आठ माइक उघडे असले, तर एका माइकच्या तुलनेत ९ डेसिबल गेलेच. मी जे औषध ईक्यूत शोधत होतो, ते फेडरवर, म्हणजे माइकची पातळी वर-खाली करणाऱ्या सरकत्या बटणावर, होते.

मॉनिटर कुठे ठेवायचा, हेही असेच फोटो काढून उलगडले. नेहमीचा कार्डिऑइड जातीचा माइक पाठीकडून सर्वांत कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर बरोबर त्याच्या मागे हवा. सुपरकार्डिऑइड जातीचा माइक थेट मागून थोडे ऐकतो आणि तिरक्या बाजूने मागून कमी, म्हणून त्याच्यासाठी मॉनिटर जरा बाजूला सरकवावा लागतो. दादा जागा बदलत असत. माइकची जात बदलली म्हणून, हे मात्र त्यांनी कधी बोलून दाखवले नाही.

मिक्सरमधून रेकॉर्डिंग घेऊन दुसऱ्या दिवशी ऐकावे, पण त्यावरून मिश्रणाचा निकाल लावू नये. पखवाजाचा आवाज मुळातच मोठा असल्याने मंडपात तो थेट पोहोचतो आणि मिक्सरवर कमी ठेवलेला असतो. रेकॉर्डिंगमध्ये तो बुडालेला ऐकू येतो आणि शिकाऊ माणूस उगाच घाबरतो. त्यासाठी मंडपाच्या मध्यावर ठेवलेल्या मोबाइलचे रेकॉर्डिंगही जोडीला ठेवावे.

सेटिंगचे आकडे तसेच्या तसे उतरवून घेणे मात्र फसवे आहे. आमच्याकडच्या दमट हवेत बारीक, उंच आवाज दूरवर टिकतो. घाटावर, विशेषतः उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत, तोच आवाज मागच्या रांगेपर्यंत जाताना लक्षात येण्याइतका विरतो. कोकणातली वही घेऊन पहिल्यांदा घाटावर गेलो, तेव्हा शब्द मागे पोहोचेनात.

उस्तादाचे सगळेच खरे असते असेही नाही. मिक्सरवरचा लाल दिवा पेटल्याशिवाय आवाज सुटत नाही, ही समजूत मी दोन ठिकाणी ऐकली. लाल दिवा सिग्नल फार वाढून त्याचे शेंडे कापले जात असल्याची सूचना देतो आणि तो कापलेला सिग्नल स्पीकरच्या ट्वीटरला, म्हणजे बारीक आवाज काढणाऱ्या भागाला, महागात पडतो. हे बुवांसमोर बोलू नये. स्पीकर दुरुस्तीला जाईल तेव्हा जळालेली कॉइल हातात घेऊन विचारावे.

कानांबद्दल मात्र कोणाचीही भीड धरू नये. अमेरिकेतील ‘नायोश’ या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल आठ तास चालतो आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे. मी कानात बोळे घातले तेव्हा सगळे हसले. पण ज्यांनी वर्षानुवर्षे बोळ्यांशिवाय काम केले, त्यांतले काही झांज कान चिरण्याइतकी तीक्ष्ण करून ठेवतात, कारण त्यांना स्वतःला ती पुरेशी तीक्ष्ण ऐकूच येत नाही. अशा माणसाने ‘कान दे’ म्हटले, तर कान जरूर द्यावा, मात्र दुसऱ्या कोणाचा तरी कानही मंडपात उभा करावा.

पावसाळ्यात सामान बंद असते तेव्हा एक जुना मिक्सर आणि दोन माइक घरी मागून न्यावेत, आणि पडवीत मुद्दाम शिट्टी आणून ती शक्य तितक्या मार्गांनी घालवून पाहावी. मग गणपतीत वाडीतल्या भजनाला कोणीतरी लागतेच. सामान थोडेच असते, समोर सगळी ओळखीची माणसे असतात, आणि दादा चहाला गेलेले असतात.