ट्यूबा निवडताना: टिकेल कोणता, वाजेल कोणता, कसं बघायचं

ट्यूबा म्हणजे खोल आवाजाचं, पितळेचं मोठं फुंकवाद्य. दोन-तीन ट्यूबा समोर आले की सगळे आधी चमक बघतात. पण लॅकर (वरचा चकाकीचा थर) उडालंय किंवा बेलला (रुंद तोंडाला) एखादा पोचा आहे म्हणून आवाजात सहसा फार फरक पडत नाही, आणि तो पोचा काढूनही मिळतो. आधी व्हॉल्व्ह, म्हणजे सूर बदलायला बोटाने दाबायच्या कळा, बघा, कारण खरी झीज तिथेच होते आणि खर्चाचं कामही तिथलंच.

टेस्ट सोपी आहे. व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड, म्हणजे सरकणारी नळी, बाहेर ओढायची, क्षणभर थांबायचं, मग व्हॉल्व्ह दाबायचा. 'पॉप' असा आवाज आला तर हवा धरून ठेवतोय, आला नाही तर कुठूनतरी गळतंय. सगळ्या व्हॉल्व्हना करून बघा. स्लाइड जाम असेल तर मात्र जोर लावू नका, जोड उखडतो.

व्हॉल्व्ह पिस्टन (वर-खाली सरकणारा) की रोटरी (फिरणारा), यावर भांडणं होतच राहणार. पिस्टन घरच्या घरी काढून पुसता येतो, तेल घालून परत बसवता येतो, पण त्याच्या बाहेरच्या नळीला जरासा जरी पोचा आला तरी तो अडकायला लागतो. रोटरीत बोट कमी दाबावं लागतं आणि एका सुरातून दुसऱ्यात जाणं मऊ वाटतं, पण तो उघडणं कारागिराचं काम. रोटरी खडखडत असेल तर घाबरू नका, बऱ्याचदा नुसते लिव्हरचे सांधे ढिले झालेले असतात.

मग लीडपाइप बघा, म्हणजे तोंडाला लावायचा माउथपीस बसतो ती नळी. तिच्यावर गुलाबी-लालसर ठिपके असतील तर पितळातलं जस्त निघून चाललंय आणि नळी आतून खातेय, तिथे पॉलिशचा काही उपयोग नाही. फायबरग्लासचा सूझाफोन (अंगाभोवती घालायचा ट्यूबा) हलका पडतो म्हणून चालत वाजवायला बरा, त्याला पोचे येत नाहीत पण तडे जातात, आणि आवाज मला तरी जरा फिका वाटतो.

आता वाजवून बघणं. सगळ्यांवर एकच माउथपीस वापरा, नाहीतर तुलना माउथपीसचीच होते. आणि सारख्या सुराचे ट्यूबाच एकमेकांशी लावा, कारण बीबी-फ्लॅट सुराच्या ट्यूबाची नळी साधारण 18 फूट तर एफ सुराच्याची 12, दोघांचा स्वभावच वेगळा. खालचे सूर अगदी हळू वाजवा, मोठ्याने सगळेच बरे वाजतात! तीन व्हॉल्व्हवाल्यात पहिला-तिसरा एकत्र दाबला की सूर चढतो, म्हणून परवडत असेल तर चौथा व्हॉल्व्ह असलेलाच घ्या, त्या दोघांचं काम तो एकटा जास्त सुरात करतो. सूर मोजणाऱ्या ट्यूनरचा काटा दुसऱ्याला बघायला सांगा, तुम्ही बघत बसलात तर नकळत ओठाने सूर सावरून घेता. ऐकणाऱ्यालाही लांब बसवा, कारण वाजवणाऱ्याच्या कानाला येतो तो आवाज आणि समोर पोचतो तो, यात बराच फरक असतो.

शेवटी बसून मांडीवर घ्या. मान वाकडी न करता माउथपीस तोंडाशी येत नसेल तर मग बाकी कितीही भारी असू दे, रोज वाजवणं होणार नाही.