गल्ला भरतो, पण पैसा दिसत नाही: कपड्यांच्या दुकानातील या चुका टाळा

तालुक्याच्या गावी तयार कपड्यांचे दुकान चालवणाऱ्यांची नेहमीची तक्रार अशी असते की, विक्री बरी होते, रोज संध्याकाळी गल्ला मोजताना समाधान वाटते, पण घाऊक व्यापाऱ्याचे बिल द्यायची वेळ आली की बँकेत पैसे नसतात. याचा दोष मंदीला, ऑनलाइन विक्रीला किंवा समोर उघडलेल्या नव्या दुकानाला दिला जातो. तो काही अंशी खराही असेल. मात्र बहुतेक वेळा हा पैसा दुकानातच असतो, घडी करून रॅकवर ठेवलेला. कपड्यांच्या धंद्यातला तोटा काउंटरवर नव्हे, तर खरेदीच्या दिवशी ठरतो, म्हणून दुरुस्तीची सुरुवातही तिथूनच करावी लागते.

पहिली चूक सेटच्या खरेदीत होते. उल्हासनगर असो, कोल्हापूरजवळचे गांधीनगर असो किंवा सुरत, घाऊक बाजारात शर्ट सहसा सुटा मिळत नाही. एका रंगात मीडियमपासून डबल एक्स्ट्रा लार्जपर्यंत प्रत्येकी एक असे चार नग घ्यावे लागतात. गिऱ्हाईक मात्र या प्रमाणात येत नाही. मधले दोन साइज आधी संपतात, कडेचे उरतात, आणि असे पंधरा-वीस सेट फुटले की दुकान भरलेले दिसते, पण येणाऱ्या दहा जणांपैकी सहा जणांना त्यांच्या मापाचे काही मिळत नाही. दुकानदाराला वाटते की व्हरायटी कमी पडते, म्हणून तो आणखी सेट आणतो आणि कडेच्या साइजची भर पडत जाते. यावर उपाय म्हणजे किमान एका सीझनभर साइजनुसार विक्रीची नोंद ठेवणे. बारकोडची यंत्रणा नसेल तर साधी वही पुरते. ही नोंद हातात असली की मधले साइज दुप्पट असलेला सेट व्यापाऱ्याकडे आग्रहाने मागता येतो, किंवा दुसऱ्या गावातल्या दुकानदाराशी सेट वाटून घेता येतो. शिवाय एका कंपनीचा लार्ज दुसऱ्या कंपनीच्या मीडियमएवढा निघतो, हे सर्वांना ठाऊक असूनही माल आल्यावर टेपने छाती मोजून पाहणारे दुकानदार फार थोडे आहेत.

दुसरी चूक मालाचे वय न लिहिण्याची. लेबलवर किंमत असते, पण तो नग दुकानात कधी आला हे नसते. खरेदीच्या महिन्यासाठी एखादे अक्षर लेबलच्या कोपऱ्यात लिहून ठेवले, तर तीन महिने हललेला नाही असा माल एका नजरेत ओळखता येतो. वर्षभरात विकलेल्या मालाची खरेदी किंमत ६० लाख आणि दुकानातला सरासरी साठा ३० लाख असेल, तर माल वर्षातून दोनदाच फिरतो, म्हणजे प्रत्येक रुपया सरासरी सहा महिने रॅकवर पडून राहतो. व्यापाऱ्याची उधारी साठ किंवा नव्वद दिवसांची असते. मधले अंतर व्याजाने भरून काढावे लागते, आणि गल्ला भरूनही पैसा न दिसण्याचे कारण बहुधा हेच निघते.

पडून राहिलेल्या मालावर सूट द्यावी, पण ती लवकर आणि थोडी द्यावी. उशिरा दिलेली मोठी सूट काय करते ते पाहा. करासहित ९४५ रुपयांना लावलेल्या शर्टात ४५ रुपये जीएसटी आहे; खरेदी ६०० ची असेल तर ३०० रुपये सुटतात. त्यावर ३० टक्के सूट दिली की गिऱ्हाईक ६६१ रुपये ५० पैसे देते, कर वजा जाता ६३० उरतात आणि सुटतात फक्त ३० रुपये. भाडे, वीज आणि पगार यातूनच जायचे आहेत. सहाशेचा माल नऊशेला विकताना ‘५० टक्के सुटतात’ असे म्हणण्याची सवय आहे, पण विक्रीवर ते ३३ टक्केच असतात. सवलतीचा हिशेब विक्रीच्या किमतीवर होतो, म्हणून ही सवय महागात पडते.

खरेदीचे वेळापत्रक इंग्रजी महिन्यांवरून ठरवणे हीदेखील एक चूकच. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. ऐन लगीनसराईत महिनाभर मुहूर्त नसल्यामुळे शालू आणि शेरवानी उचलली जात नाही, पण धोंड्याच्या महिन्यात जावयासाठी कपडे घेतले जातात. त्याच कारणाने २०२५ मध्ये ऑक्टोबरात आलेली दिवाळी २०२६ मध्ये नोव्हेंबरात जाते. मागच्या वर्षीच्या तारखा पाहून माल भरणाऱ्याची उधारीची मुदत विक्री सुरू होण्याआधीच संपू शकते.

दुकानाच्या आत दिव्यांकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. साडी घेऊन गिऱ्हाईक दारापर्यंत उन्हात जात असेल, तर तो त्याचा संशयी स्वभाव नव्हे, दिव्याचा दोष आहे. स्वस्त पांढऱ्या एलईडीखाली मरून आणि जांभळा यांतला फरक पुसट होतो, आणि घरी गेल्यावर रंग वेगळा दिसला की साडी बदलायला परत येते. दिवा घेताना वॅटबरोबर त्याचा सीआरआय, म्हणजे रंग खरे दाखवण्याचा अंक, विचारावा. तो ९० किंवा अधिक असावा. ट्रायल रूमबाबत थोडेच सांगायचे: तिथे खोकी ठेवू नयेत, कडी नीट लागावी आणि आरसा स्वच्छ असावा.

जरीच्या रेशमी साड्या एकाच घडीत वर्षभर ठेवल्या तर घडीवर विरतात, म्हणून दर काही महिन्यांनी घडी बदलावी. कोकणासारख्या दमट भागात त्या प्लास्टिकमध्ये कोंडू नयेत, सुती कापडात गुंडाळाव्यात. आणि सेमी, म्हणजे शुद्ध रेशमाची नसलेली, पैठणी असेल तर बिलावर ‘सेमी’ असेच लिहावे. रेशीम म्हणून विकायची तर शुद्ध रेशमाची खात्री देणारे सिल्क मार्कचे लेबल असलेला माल आणावा.

आता कराविषयी, कारण इथली चूक लेबल लावतानाच होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर दर नगामागे ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे २,५०० चा नग करासह २,६२५ ला पडतो, आणि २,५०० च्या जरा वर गेलेला नग एकदम २,९५० च्या पुढे. या दोन आकड्यांच्या मधली करासहित किंमत गणितात बसतच नाही: ५ टक्के धरले तर मूळ किंमत मर्यादेबाहेर जाते, १८ धरले तर आत येते. तरीही २,७९९ ची लेबले लावलेली असतात, आणि सूट देऊन तोच नग मर्यादेच्या आत आल्यावरही संगणक जुन्याच दराने बिल काढत राहतो. न शिवलेली साडी कापडात मोडत असल्याने तिला ही मर्यादा लागत नाही. फुकट वाटलेल्या किंवा खराब होऊन टाकून दिलेल्या मालाच्या खरेदीवर भरलेल्या कराची घेतलेली वजावट परत करावी लागते, हेही विसरू नये.

राहिली उधारी. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या उत्पादकाचे पैसे लेखी करार नसल्यास १५ दिवसांत, असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत चुकली तर ती खरेदी प्राप्तिकरात प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच खर्च म्हणून धरली जाते. त्यामुळे मार्चमध्ये बिले चाळण्याऐवजी माल उतरतानाच पुरवठादाराची उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी, विचारून बिलावर टिपून ठेवावी, आणि ज्या बिलाची मुदत आधी संपते त्या मालाला काउंटरजवळची जागा द्यावी.